मुसळाचा कंगवा

पोकुआच्या टपरीवर कधीही जा, तिथं गर्दीच असते. लाकडी कंगवे, काळ्या दोऱ्याच्या गुंड्या, पानात बांधलेले शियाच्या बियांच्या लोण्याचे गोळे, पाणी शिंपडायच्या बाटल्या, झोपताना डोक्याला घालायच्या सॅटिनच्या टोप्या, सगळं एका फळीवर मांडलेलं. कुमासी शहराहून बाया मोटारीत बसून येतात तिच्याकडे. आणि तिची एक खोड आहे. गिऱ्हाइकाने कंगवा पसंत केला की ती तो आधी आपल्याकडे घेते, स्वतःच्या पांढऱ्या डोक्यातून तीनदा ओढते आणि मगच पुसून देते. शहरातल्या पोरी नाकं मुरडतात. ती त्यांना म्हणते, तुझ्या डोक्यात अडकायच्या आधी माझ्या डोक्यात अडकू दे, बाई.

ही खोड आजची नाही. लहानपणापासूनची आहे. आणि ह्याच खोडीपायी एका गुरुवारी तिच्या घरात असा काही गोंधळ उडाला होता, की आमच्या अख्ख्या गावाला पुढे महिनाभर बोलायला विषय पुरला.

तेव्हा पोकुआ एकोणीस वर्षांची होती. आमचं गाव सगळं लाकूड कोरणाऱ्यांचं. कुणी बसायची आसनं कोरतो, कुणी ढोल, कुणी बाहुल्या. पोकुआचा बाप बोआदी कंगवे कोरायचा. आणि काय कोरायचा म्हणून सांगू. कंगव्याच्या वर बाईचं मुंडकं, मिटलेले डोळे, लांब मान, मानेवर वळ्यांवर वळ्या. खरोखरीच्या बायकांना त्या लाकडी बाईचा हेवा वाटावा असं रूप. आमच्यात लग्न ठरलं की नवऱ्याकडचे नवरीला कंगवा देतात, आणि तो बोआदीच्या हातचा असला की नवरीच्या आईची मान चार बायांत ताठ.

पण त्या देखण्या मुंडक्याखाली दात असायचे बारा. बारीक बारीक, एकमेकांना चिकटलेले. आपले केस कसे? बटेत बट, गुंत्यात गुंता, कोरड्यावर ओढलं की तटातटा तुटणारे. त्यात हे बारा दात घालायचे म्हणजे कुंपणातून गाय ओढायची. बोआदीला त्याचं काय कळणार? तरुणपणी डोकं भादरलेलं, आणि तिशीतच टक्कल पडलेलं. चाळीस वर्षं कंगवे कोरले माणसाने, पण एकही कंगवा त्याच्या स्वतःच्या डोक्यावरून कधी फिरला नाही.

कळत होतं ते पोकुआला. दहा वर्षांची झाल्यापासून कंगवे घासायचं काम तिचं. एका झाडाचं पान असतं, मांजराच्या जिभेसारखं खरखरीत. ते ओलं करून एकेक दात घासायचा, मग शियाचं लोणी चोळायचं. नऊ वर्षं हेच काम. दात कुठं जाड, कुठं कच्चा, दोन दातांच्या मध्ये केस कुठं अडकणार, हे तिला डोळे मिटून समजायचं. घासून झालं की ती तो ओल्या डोक्यातून तीनदा ओढून बघायची. पण कोरायच्या चाकूला हात लावायचा नाही. बाईने लाकूड कोरायचं नाही, लाकूड रागावतं, हा आमच्या लाकूड कोरायच्या शेडांमधला नेम. बोआदी तर मुलगी चाकूच्या सावलीत बसली तरी खाकरायचा.

एकदा तिने धीर करून विचारलं होतं, की बाबा, दात थोडे कमी काढा ना, लांब लांब. बोआदी म्हणाला, कंगवा आधी डोळ्यात भरला पाहिजे, दात कोण मोजतं, विचार तुझ्या आईला. तिची आई दुफी चुलीपाशी केळी सोलत होती. मान वर न करता ती म्हणाली, "मला काय विचारता? तुम्ही लग्नात दिलेला कंगवा मी एकवीस वर्षं भिंतीवर बघतेय. डोकं बोटांनी विंचरते." बोआदी उठून शेडात गेला तो जेवायलाच बाहेर आला.

तर त्या वर्षी फोसुआबाईच्या घरून कंगव्याचं काम आलं. फोसुआबाई म्हणजे बाजारातली मोठी कापडवाली, तोंडाची तिखट, गावातल्या पोरी तिला आत्या म्हणायच्या. तिच्या भाच्याचं, ओसेईचं, तेचिमान गावच्या सेर्वाशी ठरलं होतं. शनिवारी नवरीच्या घरी आमचं देण्याघेण्याचं पितळी ताट जायचं. शुक्रवारी पहाटे लॉरी निघणार, म्हणून कंगवा न्यायला ती गुरुवारी दुपारी येणार होती. त्यांच्या घरची रीत अशी, की नवऱ्याच्या आत्याने, म्हणजे फोसुआबाईनेच, सगळ्यांसमोर नवरीच्या ओल्या केसांतून तो कंगवा कपाळापासून मानेपर्यंत एकदा फिरवायचा. सरळ गेला की बायका टाळ्या पिटतात, संसार सरळ चालणार म्हणतात. आणि दात मोडला तर? तर ताट परत. शेजारच्या गावात एकदा असं झालं होतं. त्या पोरीच्या लग्नाचं नाव पुढं दोन वर्षं कुणी काढलं नाही.

आता ह्या वेळी बोआदीचं काय चुकलं, तर लाकूड ओलं होतं. झाड नुकतंच पाडलेलं. सहा महिने सुकवायचं ते त्याने चार दिवस चुलीच्या धुरावर टांगलं आणि कोरलं. मुंडकं मात्र असं उतरलं की बघतच राहावं. बुधवारी संध्याकाळी शेवटचा दात काढला, हत्यारं धुतली, त्यांच्यावर दारूचे चार थेंब शिंपडले आणि पांढऱ्या फडक्यात बांधून ठेवली. कारण गुरुवार धरणीमायचा. त्या दिवशी जमिनीत फावडं जात नाही, झाडाला कुऱ्हाड लागत नाही, आणि आमच्या शेडांमध्ये लाकडाला हत्यार लागत नाही. आभाळ कोसळलं तरी नाही.

गुरुवारी सकाळी पोकुआने पानाने कंगवा घासला, लोणी लावलं. पानाला गुरुवारची बंदी नाही. मग सवयीप्रमाणे डोक्यावर पाणी घेतलं आणि कंगवा ओढला. एकदा. दोनदा. तिसऱ्यांदा टक्‌ असं वाजलं. तिला वाटलं केस तुटला. बोटांनी चाचपलं तर हातात दात आला.

तशीच ओल्या डोक्याने ती बापासमोर जाऊन उभी राहिली. एका हातात कंगवा, एका हातात दात.

बोआदी आधी तिच्यावरच उखडला. नवरीचा कंगवा स्वतःच्या डोक्यात घालायची अक्कल कुणी दिली म्हणाला. मग त्याने तो दात उजेडात धरला, मोडलेल्या जागी नखाने टोकरलं, आणि त्याला ओल दिसली. इतक्या वर्षांचा कसबी माणूस, त्याला दिसल्याशिवाय राहील का? तो मटकन आसनावर बसला. खालच्या आवाजात म्हणाला, "डिंकाने चिकटव. डिंकाला गुरुवार नसतो."

"आणि शनिवारी सेर्वाच्या डोक्यात निघाला तर, बाबा?"

दुफीने सुचवलं, शेजारच्या शेडातला तयार कंगवा मागून आणू. पण दुसऱ्याच्या हातचा कंगवा आपला म्हणून द्यायला बोआदी मेला तरी तयार झाला नसता. तुम्ही दुसरा कोरा, असं तर त्याला कुणी म्हणूच शकत नव्हतं. हत्यारं फडक्यात होती. तो उठला आणि चिंचेखाली म्हातारे खळग्यांच्या पटावर गोट्या खेळतात तिकडं निघून गेला. खेळायला नाही, तोंड लपवायला.

घरात उरल्या दोघी. उन्हं अजून कोवळी होती. फोसुआबाई यायला दुपार. पोकुआ अंगणात उभी राहून इकडं बघते, तिकडं बघते, आणि तिची नजर कोंबड्यांच्या खुराड्यावर गेली. खुराड्याच्या दाराला टेकण म्हणून एक मोडकं मुसळ लावलेलं होतं. फुफू, म्हणजे उकडलेल्या कंदांचा जेवणातला गोळा, कांडायचं जुनं मुसळ, तिच्या आजीचं. तीस वर्षं उखळात नाचलेलं, घामाने माखलेलं, धुराने वाळलेलं. वरचं टोक तुटलं म्हणून कोंबड्यांच्या चाकरीला लावलेलं. पोकुआने नखाने वाजवून बघितलं. दगडासारखं खणखणीत.

आईने विचारलं, काय करतेस गं. ती म्हणाली, सरपण फोडते. आणि आईचा कोयता घेऊन तिने ते मुसळ उभं धरलं, टोकावर पातं टेकवलं नि वर दगड हाणला.

गुरुवारी सरपण फोडायला मना नाही. चुलीला कुठला वार? दुफी शहाणी बाई. तिने एकदा पोरीच्या तोंडाकडं पाहिलं, एकदा त्या फाकलीकडं, आणि तिच्या ध्यानात सगळं आलं. घाबरली ती. शेजारी बघतील म्हणाली, बाबा काय म्हणतील म्हणाली. पोकुआ म्हणाली, आई, आता उखळात डोकं घातलंय, मुसळाला काय भ्यायचं. आणि मुसळ तर माझ्याच हातात आहे. मग दुफीलाही हसू आलं. तिने कमरेचं कापड खोचलं, शेगडीत कोळसे पेटवले आणि जुन्या कोयत्यांची दोन मोडकी पाती निखाऱ्यात सारून फुंकायला बसली.

आणि मग काय दोघी झपाटल्या! पोकुआने फाकलीची कोयत्याने पट्टी काढली. मुसळ ते केवढं जाड, त्यातून पट्टी निघाली चार बोटं रुंद. लाकूड इतकं चिवट, की चाकूने दात काढायचे म्हणजे आठवडा गेला असता. म्हणून तिने तापलेलं पातं टेकवून दातांमधल्या फटी जाळून काढल्या. चर्र वाजायचं, धूर निघायचा, डोळ्यांतून पाणी, पण थांबते कशाला? एक पातं निवेपर्यंत आई दुसरं लाल करून हातात देत होती. बारा दात बसणार नव्हतेच. पाच बसले. जाडजूड, एकेकात बोट जाईल एवढी फट. पोकुआला तरी बारा कुठं हवे होते? नऊ वर्षं जे मनात घासत होती ते पाच दात आता हातात येत होते. तिला आपण गात आहोत हेसुद्धा कळत नव्हतं, असं दुफी नंतर सांगायची.

मग पानं. ओली करून, पोरीने दातांची टोकं बोटाच्या पेरासारखी गोल केली. फटींचे तळ गोल केले, कारण केस अडकतो तो तिथंच. मग डोक्याला गुंडाळायचा काळा दोरा घेऊन प्रत्येक फटीतून ओढला. दोरा जिथं अडला तिथं पुन्हा पान. शेवटी दोरा असा सुळसुळ जायला लागला, की तिने तो उगाचच चारदा ओढून बघितला. लोणी लावलं, डोकं ओलं केलं आणि कंगवा ओढला. एकदा, दोनदा, तीनदा. पुढं सात-आठ वेळा ओढला. आईच्या डोक्यातून ओढला. दुफी म्हणाली, पुन्हा एकदा कर गं.

तेवढ्यात अंगणात आवाज झाला. फोसुआबाई आली होती, आणि वाटेत गाठ पडली म्हणून बोआदीही मागून मान खाली घालून आला होता. त्याला आधी जळलेल्या लाकडाचा वास आला. मग शेगडी दिसली, पातं दिसलं, लेकीच्या हातातला कंगवा दिसला.

"आज गुरुवार आहे, पोकुआ," तो म्हणाला.

"माहीत आहे, बाबा. आईचं मुसळ, आईचा कोयता, आईची चूल. तुमच्या शेडातल्या सुतळीलाही हात लावला नाही. आणि बाईने कोरायचं नाही म्हणता, तर मी कोरला कुठं? जाळला."

ह्यावर काय बोलायचं ते त्याला बापजाद्यांनी शिकवलं नव्हतं.

फोसुआबाई मात्र गप्प बसणारी नव्हती. तिने तो कंगवा दोन बोटांत धरला. "हे काय? मी कंगवा सांगितला होता. ह्या दाताळ्याने नवरीचे केस विंचरायचे की तिच्या बापाच्या शेतातली कोनफळं उकरायची?" बोआदीच्या हातचा कुठंय म्हणाली. दुफी काहीतरी सांगून वेळ मारून नेणार होती, पण पोकुआने आत जाऊन मोडका कंगवा आणला, दातासकट तिच्या हातावर ठेवला, आणि काय झालं ते सरळ सांगून टाकलं. फोसुआबाई बोआदीकडं बघायला लागली. बोआदी जमिनीकडं.

"आत्या," पोकुआ म्हणाली, "एकदा तुमच्या डोक्यावरून फिरवू द्या. लागला तर तुम्ही म्हणाल तसं."

फोसुआबाईचा हात एकदम डोक्याच्या रुमालाकडं गेला. तो रुमाल तिने कधी सोडलेला गावात कुणी पाहिला नव्हता. शहरात तेव्हा निखाऱ्यावर लोखंडी कंगवा तापवून केस सरळ करायचं खूळ आलं होतं, आणि हिने ते दोन वर्षं केलं होतं. दुफीने ओळखलं. ती फोसुआबाईला स्वयंपाकघराच्या मागे घेऊन गेली आणि मध्ये एक कापड टांगलं. बोआदी अलीकडं राहिला.

रुमाल सुटला. कानशिलावर केस जळून तुटलेले, मधे नुसता नमद्यासारखा गुंता. कितीतरी महिने तिने त्यात काही घातलं नव्हतं, दुखतं म्हणून. पोकुआने पाणी शिंपडलं, तळहातावर लोणी वितळवून चोळलं, बोटांनी चार भाग केले. कंगवा मुळापासून नाही घेतला. आधी टोकं, मग थोडं वर, मग आणखी थोडं. फोसुआबाईने खांदे कानापर्यंत उचलले होते, पायाची बोटं आवळली होती, आसनाची कड अशी धरली होती जशी कुणी दाढ उपटायला बसलंय.

पहिला भाग झाला. खांदे तिथंच. दुसरा भाग झाला. खांदे थोडे खाली. आणि तिसऱ्या भागाच्या मध्यावर ती बाई बोलायला लागली. तिची भावजय म्हणे भुईमुगाच्या रश्शात इतकं पाणी घालते, की त्यात तोंड धुवावं. आणि वर पाहुण्यांना म्हणते, वाढू का अजून. पोकुआने आणि दुफीने एकमेकींकडं पाहिलं. डोकं दुखत असताना कुणी भावजयीच्या चहाड्या सांगत नाही. त्या भावजयीची आणखी तीन पापं ऐकून होईपर्यंत चारही भाग मोकळे झाले होते.

"झालं, आत्या," पोकुआ म्हणाली.

फोसुआबाईने डोक्यावरून हात फिरवला. पुन्हा फिरवला. बराच वेळ तिचा हात डोक्यावरच होता. मग तिने कंगवा मागून घेतला, उलटासुलटा केला आणि मुठीच्या जागी कांडणाऱ्या हातांनी पडलेले गुळगुळीत खळगे लागले तिथं अंगठा ठेवला. हे मुसळ कुणाचं म्हणाली. दुफीने सांगितलं, माझ्या आईचं. तीस वर्षं ह्याने घराला फुफू कांडून घातला.

"मग मी शनिवारी तेच सांगेन," फोसुआबाई म्हणाली. "लाकडी मुंडकं काय, कुणीही देतं."

पोकुआने कंगवा गुंडाळायला सॅटिनच्या अस्तराचा तुकडा आणला होता. तो फोसुआबाईने स्वतःच्याच डोक्याला बांधला, कारण मोकळ्या केसांवरून तो कसा घसरत होता ते तिला आवडलं. कंगवा बिचारा केळीच्या पानात गेला.

शुक्रवार गेला, शनिवार गेला. पोकुआ सारखी वाटेवर जाऊन लॉरी येते का बघायची. कंगवा मोडणार नाही हे तिला माहीत होतं, पण तो पाच दातांचा कंगवा बघून तिकडचे हसले असतील तर? ताट परत आलं तर बाप पुन्हा चिंचेखाली जाईल, आणि ह्या वेळी तो उठणार नाही, हेही तिला माहीत होतं. बोआदी फडक्यातून हत्यारं सोडून शेडात बसायचा, पण ठोकल्याचा आवाज नाही.

रविवारी दुपारी लॉरी परत आली. फोसुआबाई अजून तेचिमानलाच होती, पण ड्रायव्हर गाडीतूनच ओरडत आला. कंगवा लोण्यातून जावा तसा गेला म्हणाला. मग नवरीच्या आईने मागितला, मग आजीने, मग बायांनी रांग लावली, आणि ताटातलं कापड, दारू, दागिने कुणी बघेना. आजीने तर तो कंगवा परत द्यायला नकार दिला. शेवटी नवरीने तिच्या हातातून ओढून घेतला.

पण खरी गंमत सोमवारी. सकाळी दुफी अंगण झाडत होती, तर वाटेने एक बाई येताना दिसली, डोक्यावर मोडकं मुसळ. तिच्या मागे दुसरी, तिच्याही डोक्यावर मुसळ. तिसरीने तर चांगलं धड मुसळ आणलं होतं, म्हणाली नवरा रागावला तर रागावू दे, हातांनी कांडीन. दुपारपर्यंत पोकुआच्या दारात मुसळांची मोळी पडली. गावातले म्हातारे बघायला आले, की बोआदीकडं आज कुणाला मारायचा बेत आहे.

बोआदी शेडाच्या दारात उभा राहून ते बघत होता. आत गेला. मग ठोकल्याचा आवाज आला, आणि मंगळवारी, बुधवारी येतच राहिला. बुधवारी संध्याकाळी हत्यारं बांधायच्या आधी तो चुलीपाशी आला. पोकुआ पातं तापवत होती. त्याने तिच्यासमोर एक लाकूड ठेवलं. चांगलं दोन वर्षं वाळलेलं. वर तेच मुंडकं, मिटलेले डोळे, मानेवर वळ्या. आणि खाली काहीच नाही, नुसती कोरी पट्टी.

"दात तू काढ," तो म्हणाला.

पोकुआने पट्टीवर बोटं टेकून मापं घेतली.

"किती काढशील?"

"पाच."

बोआदीने टकलावरून हात फिरवला. "सहा बसतील."

"बसतील, बाबा. पण मग आई पुन्हा भिंतीवर लावेल."

दुफी केळी सोलत होती. ह्या वेळी मात्र तिने मान वर केली. बोआदी खाली वाकला आणि निखारे फुंकायला लागला.